वायफाय जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या उचगावच्या एक ताई सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. लॅपटॉप त्यांचा स्वतःचा, पण कारखान्यातही तोच नेतात. घरी आल्यावर वायफायची रेंज फुल दिसते, कनेक्टेड असं लिहून येतं, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. घरातले फोन मात्र चालतात. एका दुकानात दाखवलं तर विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारावं लागेल, असं सांगितलं. मारू का, असं त्या विचारतात.

ताई, मारू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात विंडोज बिघडल्याचं एकही लक्षण नाही. फॉरमॅटमध्ये काय काय जातं ते आठवून बघा. टॅलीचा डेटा, श्रीलिपीचं लायसन्स आणि फाँट, कन्नड अर्जांसाठी घातलेलं नुडी, मुलांच्या प्रोजेक्टच्या फायली. आपल्या भागातल्या लॅपटॉपवर दोन भाषांचा संसार असतो आणि तो परत मांडताना लोक रडकुंडीला येतात, हे मी दुकानात कायम बघतो. त्यात तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मला जे वाटतंय ते कारण खरं असेल, तर फॉरमॅटनंतर घरी नेट सुरू होईल, सोमवारी कारखान्यात कुणीतरी पुन्हा तेच आकडे भरून देईल आणि संध्याकाळी तुम्ही आहात तिथेच याल.

आधी ती वायफायची खूण काय सांगते ते समजून घ्या. लॅपटॉप आणि घरातला राउटर एकमेकांशी बोलताहेत, एवढंच ती सांगते. त्यापुढचं काही सांगत नाही. उचगावहून सिटी बस मिळाली म्हणून बेळगाव स्टँडवर पुण्याची गाडी लागलेलीच असेल असं नाही. पान उघडायचं तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळाला पाहिजे, राउटरच्या पुढची लाइन चालू पाहिजे, साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सापडला पाहिजे, आणि शेवटी ब्राउझरने ते पान स्वीकारलं पाहिजे. यातला कोणता टप्पा तुटलाय ते शोधायचं आणि तेवढाच दुरुस्त करायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही.

एक खूण विंडोज स्वतःच देतं, पण ती फार कुणी वाचत नाही. वायफाय जोडलं की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटीशी मजकुराची फाइल मागवून बघतं. ती आली तर नुसतं कनेक्टेड, सिक्युअर्ड असं दिसतं. नाही आली तर नो इंटरनेट, सिक्युअर्ड असं येतं आणि वायफायच्या जागी पृथ्वीगोलाचं चित्र दिसतं. गोल दिसत असेल तर दोष पत्त्यात, नावात किंवा पुढच्या लाइनमध्ये असतो. गोल नाही, तरीही पान उघडत नाही, तर ब्राउझर, प्रॉक्सी (म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसवलेला मधला सर्व्हर) किंवा घड्याळाकडे बघायचं. ही खूण दर वेळी खरी ठरत नाही. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेट फिरवणारा प्रोग्राम, चालू असेल तर ती फसवते. पण सुरुवातीला दिशा ठरवायला चांगली आहे.

आता फोन चालतात याबद्दल. त्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही, कारण वायफायवर नेट नसेल तर आजचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. वर वायफायची खूण तशीच असते, व्हॉट्सॲप चालू राहतं, आणि घरातले सगळे म्हणतात, नेट आहे की. म्हणून फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि मग त्याच वायफायवर एखादं नवीन पान उघडा, आधी बघितलेलं नको. चाललं तर लाइन ठीक आहे आणि दोष लॅपटॉपमध्ये आहे. नाही चाललं तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि राउटरकडे जा. दुसरी परीक्षा याच्या उलटी: लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. हॉटस्पॉटवर पान उघडलं तर विंडोज आणि ब्राउझर दोन्ही धड आहेत आणि भानगड फक्त घरच्या वायफायशी आहे. हॉटस्पॉटवरही नाही उघडलं तर लॅपटॉपमध्ये अशी काहीतरी सेटिंग आहे जी प्रत्येक ठिकाणी आडवी येतेय.

तुमच्या बाबतीत मला दाट शंका आहे ती पक्क्या करून ठेवलेल्या आयपी पत्त्याची. बऱ्याच कारखान्यांत आणि ऑफिसांत प्रत्येक मशीनला हाताने पत्ता भरून देतात, म्हणजे टॅलीचा सर्व्हर आणि प्रिंटर नेमके सापडतात. तो पत्ता लॅपटॉपबरोबर घरी येतो. घरचा राउटर वेगळ्या मालिकेतला. दोघांची वायफायवर ओळख होते, पण पत्त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून पुढे काहीच जात नाही.

तपासायचं असं. विंडोजचं बटण दाबून सीएमडी ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत आयपीकॉन्फिग लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ऑल, आणि एंटर. बराच मजकूर येईल, त्यातला वायरलेस लॅन ॲडॉप्टर वायफाय या नावाखालचाच भाग वाचा. तिथे डीएचसीपी एनेबल्ड याच्या पुढे नो असेल तर पत्ता हाताने भरलेला आहे, शंका संपली. येस असेल तर आयपीव्ही४ ॲड्रेस, म्हणजे लॅपटॉपचा पत्ता, आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, हे दोन आकडे बघा. घरचे बहुतेक राउटर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतात, जिओचे १९२.१६८.२९.१ वर. लॅपटॉपचा पत्ता त्याच मालिकेतला हवा, फक्त शेवटचा आकडा वेगळा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ अगदी स्पष्ट आहे: राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच कामचलाऊ पत्ता घेतला. अशा वेळी ते वायफाय फर्गेट करून पासवर्ड घालून पुन्हा जोडा, राउटर एकदा बंद करून चालू करा. होस्टेल किंवा पीजीमध्ये हे फार होतं, कारण मुलं जास्त आणि राउटरकडचे पत्ते कमी.

पत्ता हाताने भरलेला निघाला तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, तिथे आयपी असाइनमेंटसमोरचं एडिट, आणि मॅन्युअलच्या जागी ऑटोमॅटिक. डीएनएस असाइनमेंट वेगळं दिसत असेल तर तेही ऑटोमॅटिक. पण थांबा, बदलण्याआधी त्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. नाहीतर सोमवारी शिनोळीत टॅली उघडणार नाही आणि दोष तुमच्यावर येईल. कारखान्यातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला विचारा की राउटरमध्येच माझ्या लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवता येईल का. त्याला आयपी रिझर्व्हेशन म्हणतात. ते केलं की लॅपटॉप कायम ऑटोमॅटिकवर राहतो, कारखान्यात कारखान्याचा पत्ता घेतो आणि घरी घरचा. याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही, आणि तो मागायला संकोच करू नका. कारखान्यात आपोआप पत्ता वाटण्याची सोयच नसेल, तर कंट्रोल पॅनेलमधून ॲडॉप्टरच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीज उघडा. पहिल्या पानावर ऑटोमॅटिक निवडलं की अल्टर्नेट कॉन्फिगरेशन नावाचं दुसरं पान दिसतं. कारखान्याचे आकडे तिथे भरून ठेवा. पत्ता देणारा कुणी सापडला नाही तरच विंडोज ते वापरतं.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे प्रॉक्सी, तीही ऑफिसातूनच घरी येते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली प्रॉक्सी आहे. तिथे मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल आणि कारखान्याचा पत्ता भरलेला असेल तर घरी ब्राउझर त्या पत्त्याला शोधत बसतो आणि प्रॉक्सी सर्व्हर सापडत नाही असं सांगतो. घरी ती बंद करा. फायरफॉक्सची प्रॉक्सी त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही असू शकते, तीही बघा. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा: प्रॉक्सीच्या जागी १२७.०.०.१ असेल, तर लॅपटॉपवरचाच एखादा प्रोग्राम तुमची सगळी पानं स्वतःकडून फिरवतोय. कधी तो अँटिव्हायरस किंवा व्हीपीएनचा उरलेला अवशेष असतो, पण बंद करूनही परत परत चालू होत असेल तर व्हायरस समजा. फुकटात मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर असलं खूप येतं. पूर्ण स्कॅन होईपर्यंत त्या लॅपटॉपवर बँकेचं काही करू नका.

पत्ता ठीक आहे आणि प्रॉक्सीही नाही, तर मग पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत पिंग लिहून, जागा सोडून, आधी गेटवेचा आकडा, मग ८.८.८.८, आणि शेवटी गूगल डॉट कॉम, असे तीन वेळा बघा. गेटवेकडून उत्तर आलं आणि ८.८.८.८ कडून नाही, तर घरातलं ठीक आहे, पुढची लाइन गेलीय. आकड्याकडून आलं आणि नावाकडून नाही, तर डीएनएस बिघडलंय, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय. तिन्हीकडून उत्तर येतं आणि पान मात्र उघडत नाही, तर दोष ब्राउझरच्या आसपास आहे. काही राउटर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, त्यामुळे नुसत्या पहिल्या परीक्षेवरून निकाल लावू नका.

डीएनएसचा उपाय सोपा आहे. आधी आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस. तेवढ्याने झालं नाही तर डीएनएस असाइनमेंट मॅन्युअल करून गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरा. घरातल्या सगळ्याच उपकरणांना हा त्रास होत असेल तर ते आकडे राउटरमध्ये बदला. आणि तिथे जाताच राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला. तो बऱ्याचदा जन्मापासून ॲडमिनच असतो आणि आत शिरणारा माणूस नेमकं डीएनएसच बदलून ठेवतो.

घड्याळाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून ते मुद्दाम सांगतो. लॅपटॉपची तारीख चुकली असेल तर जवळपास प्रत्येक साइट अडते, कारण आज बहुतेक साइट सुरक्षित जोडणीवर चालतात आणि त्या जोडणीच्या प्रमाणपत्राला ठरलेली मुदत असते. लॅपटॉप स्वतःला चार वर्षं मागे समजत असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. पडद्यावर कनेक्शन खासगी नाही अशा अर्थाचा इशारा येतो. तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट करा. दोन दिवसांनी पुन्हा मागे गेली तर आतला बटणासारखा सेल संपलाय, बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो. तो स्वस्त आहे आणि कुठल्याही चांगल्या दुकानात बदलून मिळतो. सेकंड हँड घेतलेल्या लॅपटॉपवर मी तारीख सगळ्यात आधी बघतो.

आता जरा वेगळी तक्रार, जी खेड्यांत फायबर आल्यापासून वाढलीय. गूगल उघडतं, यूट्यूब चालतं, पण बँकेचं किंवा सरकारी पान फिरत राहतं. कर्नाटक सरकारचं सेवा सिंधू पोर्टल उघडत नाही म्हणून लोक सरकारच्या नावाने ओरडतात, आणि कधी खरंच तिकडचा सर्व्हर बंदही असतो. पण शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर तेच पान उघडत असेल तर आकाराचा घोळ असू शकतो. माहिती पुड्यांमधून जाते. साध्या केबलवर एका पुड्यात १५०० बाइट मावतात. पण युजरनेम आणि पासवर्ड घालून चालणाऱ्या, म्हणजे पीपीपीओई लाइनवर ८ बाइट त्या व्यवस्थेतच जातात आणि १४९२ उरतात. राउटर बदलताना किंवा रीसेट मारताना हा आकडा चुकला की छोटे पुडे जातात आणि मोठे वाटेत गळतात. तपासायला पिंग, मग वजा एफ, मग वजा एल १४७२, मग ८.८.८.८, प्रत्येकामध्ये जागा सोडून. फ्रॅगमेंट करावं लागेल अशी ओळ आली तर १४७२ च्या जागी १४६४ घालून बघा. त्यात २८ मिळवले की १४९२ होतात. १४६४ जात असेल तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पुड्याचा सगळ्यात मोठा आकार, १४९२ करायला सांगा. केबलवाल्याला एमटीयू हा शब्द सांगितला की त्याला कळतं.

हॉटस्पॉटचं प्रकरण आपल्या सीमाभागात निराळंच आहे आणि तुम्ही रोज त्यातून जाता. टेलिफोनच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल आहे, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. तुमचं सिम कर्नाटकातलं, आणि बाची ओलांडून शिनोळीत शिरलात की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे निपाणीकरांचं हेच होतं, आणि कणकुंबीकडून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या खानापूरकरांचंही. काही फोनांवर आणि काही सिमांवर डेटा रोमिंगचं बटण बंद असेल तर अशा वेळी नेट थांबतं. पण हॉटस्पॉट बंद होत नाही! लॅपटॉपला फुल रेंज दिसत राहते, कारण ती रेंज फोन आणि लॅपटॉप यांच्यातली आहे, टॉवरची नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्याने फोनमधलं डेटा रोमिंग चालूच ठेवावं. आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांत घरात बसूनही फोन पलीकडचा टॉवर धरू शकतो, हे लक्षात असू द्या.

हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपला तरी चित्र तसंच दिसतं. बऱ्याच प्लॅनमध्ये मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीचं साधं पान उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात. लॅपटॉप जोडल्याजोडल्या विंडोज अपडेट मागच्या मागे डेटा ओढतं, म्हणून त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करून ठेवा.

फोनचीही परीक्षा फसली असेल तर राउटर. फायबरच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरची तार तुटलीय किंवा वाकलीय, घरात काहीही करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. पावसाळ्यात झाडं पडतात, रस्ते खणले जातात, तेव्हा हे होणारच. करंट जाऊन येऊन झाल्यावर डबा अर्धवट चालू होऊन अडकतो, तेव्हा डबा आणि राउटर दोन्ही बंद करा, जरा वेळाने आधी डबा लावा, दिवा स्थिर झाला की मग राउटर. जुन्या, जाड भिंतींच्या घरात माडीवर एक्स्टेंडर लावलेला असेल तर तोही तपासा. त्याचा राउटरशी संपर्क तुटला तरी तो स्वतःचं वायफाय फुल रेंजने देत राहतो, आणि लॅपटॉप नेमका त्यालाच चिकटतो. लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन बघितलं की हे लगेच उघड होतं.

या सगळ्यातून काहीच निघालं नाही तरच विंडोजच्या नेटवर्कचा भाग नव्याने बसवायचा. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच, विनसॉक, रीसेट हे तीन शब्द जागा सोडून लिहा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसने किंवा व्हीपीएनने मागे ठेवलेला कचरा याने बऱ्याचदा साफ होतो. त्याच्याही पुढचं म्हणजे सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट. ते सगळे नेटवर्क ॲडॉप्टर काढून पुन्हा बसवतं, म्हणून आधी वायफायचे पासवर्ड आणि कारखान्याचे आकडे कागदावर घ्या. यातल्या कशानेही तुमच्या फायलींना, टॅलीला, फाँटला धक्का लागत नाही. फॉरमॅट आणि हे यांच्यातला फरक तोच आहे.

तुम्ही मात्र इतकं लांब जाऊ नका. आज रात्री आधी फोनचा डेटा बंद करून वायफाय बघा, मग डीएचसीपीसमोर येस आहे की नो ते वाचा, मग प्रॉक्सीचं पान उघडा. तरीही उघडलं नाही तर लॅपटॉपचा पत्ता, गेटवेचा आकडा, तिन्ही पिंगची उत्तरं आणि ब्राउझरवर आलेली ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा. आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर दुकानदाराला आत्ता मिळालेले हेच आकडे दाखवा आणि नेमका कुठला टप्पा तुटलाय ते विचारा. ते न सांगता तो फॉरमॅटच म्हणत असेल तर लॅपटॉप उचला आणि दुसऱ्या दुकानात दाखवा.